मंगळवार, तीन ते साडेचार

अर्चना, माझी थोरली बहीण, वय वर्षं तेवीस, पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला. हिच्यावर अन्याय झाला. केव्हा झाला: नऊ वर्षांपूर्वी, आषाढ वद्य षष्ठी, मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपासून चार वाजून एकतीस मिनिटांपर्यंत. कुठे झाला: घोटीपासून अकरा किलोमीटरवरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर. कुणी केला: तिच्या सासूबाईंनी, आमच्या आईने आणि मी.

मी पत्रकं लिहिते. पत्रकाच्या पहिल्या चार ओळींत हे सगळं यावं लागतं, नाहीतर वाचणारा कागद दुमडतो आणि त्यात शेंगदाणे बांधून घेतो. या अंकासाठी आषाढावर काहीतरी हळुवार लिहा, असं मला सांगण्यात आलं होतं. मी तीन दिवस प्रयत्न केला. माझा आषाढ हळुवार नाही. तो एक्क्याऐंशी मिनिटांचा आहे.

तरी तो येतो. नाशकात गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत मी भाड्याच्या खोलीत राहते. खाली चहाची टपरी, वर गच्चीवर टाक्या, मातीचा कुठे पत्ता नाही. पण जुलैच्या मध्यावर एका सकाळी पश्चिमेकडून असा वारा येतो की नाकात थेट चिखलणीचा वास भरतो. नांगरलेल्या, पाणी भरलेल्या खाचराचा वास गोड नसतो. कुजलेल्या गवताचा, बैलाच्या शेणाचा, ट्रॅक्टरच्या डिझेलचा, सगळ्याचा मिळून तो वास असतो. तो आला की मी कॅलेंडर न बघता सांगू शकते, सूर्य पुनर्वसूत आलाय.

आमच्याकडे पावसाची नक्षत्रं माणसांसारखी असतात. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. तरणा धिंगाणा घालतो, म्हातारा चिवट असतो, दिवसच्या दिवस हटत नाही. आई अजून तसंच बोलते. तरण्यात आवणी, म्हणजे लावणी, झाली तर भात उभा राहतो, म्हाताऱ्यावर ठेवली तर मागे पडतो. या हिशोबाला मी कधीच हसले नाही. ते आभाळाकडे बघून, पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभं राहून केलेलं टिपण आहे. मला राग कशाचा आहे ते पुढे सांगते.

त्या मंगळवारी आमच्या खाचरात आवणी चालू होती. नऊ बाया वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद, हातात रोपांच्या मुठी. आई त्यांच्यात होती. दादा, म्हणजे आमचे वडील, अंबडच्या कारखान्यात पाळीला गेलेले. मी बारावीला होते, शास्त्र शाखेला, त्यामुळे माझे हात चिखलात घालायचे नाहीत असा घरचा नियम होता. मी घरात ताईजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती चांदवडहून आलेली. आम्ही दोघी पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो आणि ती मला सांगत होती की मुलगी झाली तर नाव कुणाला ठेवू द्यायचं नाही, तिने ठरवून ठेवलंय. कुठलं, ते सांगितलं नाही. म्हणाली, बारशाला कळेल.

पावणेतीनच्या सुमारास ती बोलता बोलता थांबली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "ज्योते, हे बघ, दगड झालाय." मी हात लावला. पोट खरंच दगडासारखं कडक झालं होतं आणि ते सैल पडत नव्हतं. मग ती उठली आणि पलंगावरची चादर मी पाहिली. अंगावरून रक्त जायला लागलं होतं.

त्या दिवशी मी एक गोष्ट बरोबर केली, ती इथे नोंदवून ठेवते. मी आधी रफिकभाईंना फोन केला. त्यांची व्हॅन गावातली एकमेव, भाजी, वऱ्हाड, पेशंट, सगळं तीच नेते. मग बांधावर धावत जाऊन आईला हाक मारली. आई गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली तशीच आली. तीन वाजता व्हॅन दारात होती. रफिकभाईंनी ती उलटी लावली, मागचं दार उघडून सीटवर चटई अंथरली, म्हणजे ताईला दोनच पावलं टाकायला लागली असती.

दोन पावलं.

पण मूल सासरच्यांचं, म्हणून त्यांच्या कानावर घालायला हवं, असं आईला वाटलं. आईने फोन लावून कणगीवर ठेवला, कारण हात चिखलाचे. सासूबाईंचा आवाज खोलीभर पसरला. त्या ओरडल्या नाहीत, घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "विहीणबाई, आज मंगळवार हाय. राहुकाळ बघा आन्‌ मगच उंबरा वलांडा. माझं पयलं पोर असंच गेलंय, मला ठावं हाय."

हे खरं होतं. पन्नाशीतल्या त्या बाईचं पहिलं मूल असंच वाटेत गेलं होतं, आणि ते अवेळी निघालो म्हणून गेलं असं तिला कुणीतरी तेव्हा सांगितलं होतं. ते तिने तीस वर्षं उराशी धरून ठेवलं होतं आणि त्या दुपारी, माझ्या ताईवर मायेने, ते आमच्या हवाली केलं. हे मी तिची बाजू घ्यायला लिहीत नाही. पत्रकात समोरच्याची बाजूही खरी लिहावी लागते, नाहीतर आपली कुणी खरी मानत नाही.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "ज्योते, बघ गं भिंतीवर. माझे हात असे."

भिंतीवर खतांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. वर युरियाच्या गोण्या, खाली तारखा, आणि सगळ्यात तळाशी चौकटीत वारांचा तक्ता. सोमवार साडेसात ते नऊ. मंगळवार तीन ते साडेचार. मी तो वाचला. मोठ्याने वाचला. वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तशा स्वच्छ आवाजात: "तीन ते साडेचार." घड्याळात तीन-दहा झाले होते. आणि मग, कुणी विचारलं नसताना, मी ताईकडे बघून म्हणाले, "दीड तासाचाच तर प्रश्न आहे."

या वाक्याबद्दल मला कुणी कधी बोललं नाही. ताईही नाही. म्हणून मीच लिहिते.

त्या एक्क्याऐंशी मिनिटांत काय काय झालं ते मला क्रमाने आठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आईने पाय धुतले. चहा ठेवला. चहा उतू गेला. बाहेर आवणीच्या बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्या, हातातल्या रोपांच्या मुठी तशाच, मुळांतून गढूळ पाणी ठिबकतंय. पत्र्यावर पाऊस इतका की फोनवरचं बोलणं अधूनमधून ऐकू येईना. ताईने चादरीचं टोक दातात धरलं होतं. ती रडली नाही. मधूनमधून तिने फक्त घड्याळाकडे बघितलं, आणि तिची नजर काट्यांवरून सरकून कॅलेंडरवर यायची आणि तिथेच थांबायची, जणू त्या चौकटीत तिचं नाव लिहिलं होतं.

रफिकभाई दोनदा दारात आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा साडेतीन-पावणेचार झाले असतील. चपला बाहेर काढून, आत न येता, उंबऱ्याच्या पलीकडे उभे राहून म्हणाले, "भाभी, गाडीला राहू लागत नाय. मी रोज या टायमाला घोटीला जातो, रोज वापस येतो. पोरीला बसवा." आईने मान खाली घातली. फोनमधून सासूबाई विचारत होत्या, कोण बोलतंय. आई म्हणाली, गाडीवाला. तिकडून उत्तर आलं, त्याला काय कळतंय आपलं.

रफिकभाईंनी ते ऐकलं. व्हॅनमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी इंजिन चालू करून ठेवलं. पाऊण तास ते इंजिन आमच्या दारात नुसतं धडधडत राहिलं. मी आजही सिग्नलला उभी असताना शेजारी असं रिकामं धडधडणारं इंजिन ऐकलं की घड्याळात किती वाजले ते बघते.

चार-एकतीसला आम्ही निघालो. एक मिनिट आईने वाढवून घेतलं होतं, घड्याळ पुढे-मागे असलं तर म्हणून. घोटीला डॉक्टरबाईंनी ताईला तपासलं, मशीन पोटावर फिरवलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाळाला पोसणारी वार वेळेआधी सुटली होती. त्यांनी आईला विचारलं, दुखायला कधी लागलं. आईने खरं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, इतका वेळ कुठे होतात. आईने तेही खरं सांगितलं: "राहुकाळ होता."

डॉक्टरबाईंनी मान वर केली नाही. कागदावर लिहीत राहिल्या. नंतर मी त्यांच्या मागे मागे जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, खात्रीने कुणीच सांगणार नाही. पण या दुखण्यात दीड तास म्हणजे फार झाला.

मुलगी होती. तिची नखंसुद्धा आलेली होती. माझी ताई वाचली, बाळ गेलेलं जन्मलं. दादा कारखान्यातल्या कपड्यांवरच आले होते. त्यांनी आणि रफिकभाईंनी दुसऱ्या दिवशी बांधाच्या कडेला, जिथे पाणी साचत नाही अशी जागा बघून, तिला ठेवलं. बारसं झालं नाही, त्यामुळे नाव काय ठरलं होतं ते आम्हाला आजही माहीत नाही.

पुढे मी नाशकात शिकायला आले आणि पंचांगाच्या मागे लागले. सूड म्हणूनच लागले. शत्रू नीट ओळखावा म्हणून वाचायला सुरुवात केली, आणि मला कबूल करायला हवं की त्यात मी रमले. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राची चाल कधी वेगाची, कधी मंद, त्यामुळे एक तिथी वीस तासांत आटोपते आणि दुसरी सव्वीस तास रेंगाळते. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं पडतं. तो खड्डा साचत जातो आणि तिसऱ्या वर्षाच्या आत-बाहेर एक अख्खा महिना जास्तीचा घालून तो बुजवला जातो. माझ्यासारख्या चिडक्या मुलीलासुद्धा हे वाचून क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. इतक्या जुन्या लोकांनी मान्य केलं होतं की आपला हिशोब आभाळाशी जुळत नाही, आणि त्यांनी हिशोब बदलला. आभाळाला दमात घेतलं नाही.

क्षयतिथी म्हणून एक प्रकार असतो. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होते आणि पुढचा सूर्योदय व्हायच्या आत संपते. दिवस मोजायचा तो सूर्योदयाच्या तिथीवरून, त्यामुळे कुठलाच सूर्योदय न बघितलेल्या त्या तिथीला स्वतःचा वार मिळत नाही. पण ती आली आणि गेली याची नोंद पंचांग करतं. बारीक अक्षरात का होईना, तिचं नाव छापलं जातं. हे मी वाचनालयात बसून वाचलं आणि पुस्तक मिटून बाहेर पायरीवर येऊन बसले. आमच्या मुलीची तेवढीही नोंद कुठल्या भिंतीवर नव्हती.

पंचवटीतल्या एका वयस्कर गुरुजींकडे मी भांडायला म्हणून गेले होते. ते मुहूर्त काढून देतात. बाहेरच्या खोलीत सतरंजी, एक पंखा, पंचांगांचा ढीग. मी पत्रकातली भाषा वापरली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "राहुकाळ काढता येतो का तुम्हाला, की नुसता शिव्या घालता येतो?" मी म्हटलं, तक्त्यात असतो की. तर ते हसले आणि पॅड पुढे ओढलं.

त्यांनी दाखवलं ते असं. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ सारखे भाग करायचे. मंगळवारी त्यातला सातवा भाग राहूचा. कॅलेंडरवरचा तक्ता दिवस सहाला उगवून सहाला मावळतो असं धरून छापलेला असतो. तो वर्षातून फार थोडे दिवस खरा असतो. आषाढात नाशकात दिवस तेरा तासांहून मोठा. मग मी त्यांना आमचा तो दिवस सांगितला. त्यांनी जुनं पंचांग काढलं. सूर्योदय सहा-सात. सूर्यास्त सात-पंधरा. आठाने भाग. सहाने गुण. त्यांचं पेन हळू चाललं होतं. शेवटी त्यांनी दोन आकडे लिहिले आणि चष्मा काढून ठेवला.

तीन-अठ्ठावन्न ते पाच-छत्तीस.

म्हणजे ताईला पलंगावर धरून ठेवलं तेव्हा पहिली अठ्ठेचाळीस मिनिटं राहुकाळ नव्हताच. त्यांच्याच शास्त्राने रस्ता मोकळा होता. आणि ज्या वेळेला आम्ही सुटलो म्हणून उंबरा ओलांडला, तेव्हा राहुकाळ ऐन भरात होता.

गुरुजींनी पॅड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "बाई, हा आकडा घरी सांगू नका. आणि दुसरी गोष्ट ऐका. मुहूर्त आम्ही काढतो तो आपण सुरू करायच्या कामाचा. पाया खणायचा, दुकान उघडायचं, लग्न लावायचं. बाळंतपण तुम्ही सुरू केलेलं नसतं. ते सुरू झालेलं असतं. त्याला मुहूर्त विचारायला माझ्याकडे कुणी आलं, तर मी त्याला हाकलून देईन." मी विचारलं, हे तुम्ही लोकांना सांगता का? ते म्हणाले, "विचारायला येतात कुठे? भिंतीवर छापलेलं असतं ना."

मी त्यांचं पहिलं सांगणं ऐकलं नाही. माझ्या हातात दारूगोळा आला होता. मी पत्रक काढलं. मथळा: 'तुमचा राहुकाळसुद्धा खोटा आहे.' एका बाजूला ताईची हकिगत, नाव न देता. दुसऱ्या बाजूला, पुरावा म्हणून, नाशिकच्या सूर्योदयावरून काढलेला खरा तक्ता, महिनावार, बारा महिन्यांचा. आठ रात्री जागून नव्हे, चार दुपारी बसून केला. गुरुजींनी आकडे तपासून दिले, आणि पुन्हा म्हणाले, बाई, हे करू नका. मला वाटलं, त्यांच्या पोटावर पाय येतोय म्हणून.

घोटीच्या आठवडे बाजारात मी उभी राहून पत्रकं वाटली. पहिल्या तासात मला कळलं की ती संपतायत. इतकी कधीच संपली नव्हती. लोक परत येत होते, अजून दोन द्या, शेजारणीला, मेव्हण्याला. मी हुरळले. मग एक बाई आली, डोक्यावर मेथीची पाटी, तिने पत्रक उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "ताई, नुसता तक्ता नाय का? हे मागचं लय लांबडं हाय." शेजारच्या कांदेवाल्याने तिला समजावलं, अगं मागचं नको वाचू, तक्ता बघ, एकदम करेक्ट हाय, नाशिकचाच काढलाय, पोरगी शिकलेली हाय.

गंगापूर रोडवर तर एका गृहस्थांनी गाडी बाजूला घेऊन मला विचारलं की हा सिडकोला पण चालेल का, की मिनिट-दोन मिनिटांचा फरक धरायचा. मी म्हटलं, काका, मागची बाजू वाचली का. ते म्हणाले, वाचतो ना, पण आधी हे सांगा.

महिन्याभरात माझा तक्ता माझ्याच मोबाईलवर परत आला. कुणीतरी ताईची बाजू कापून टाकली होती. वर देवाचा फोटो, चारी कोपऱ्यांत फुलं, खाली ओळ: अचूक राहुकाळ, पुढे पाठवा. गणित माझं होतं. एकही चूक नव्हती.

अंधश्रद्धेविरुद्धच्या आमच्या चळवळीतला एक मित्र म्हणाला, अगं यात तुझा काय दोष, लोकच असे. हे वाक्य मला मान्य नाही. लोक असे म्हणून सुटका होत असेल तर मीही लोकांतलीच आहे. बारावी शास्त्रातली मुलगी भिंतीवरचा आकडा वाचते आणि बहिणीची चादर वाचत नाही. आठ वर्षांनी तीच मुलगी तोच आकडा सुधारून परत भिंतीवर पाठवते. सतराव्या वर्षी मी तक्ता वाचला, पंचविसाव्या वर्षी छापला. एवढीच माझी प्रगती.

आणि आता परत आषाढ. परत तरणा पाऊस. ताईला परत आठवा महिना लागलाय.

नऊ वर्षांत मधे दोनदा पोटात राहिलं आणि गेलं. या वेळी टिकलंय. पुन्हा माहेरीच आलीय, कारण चांदवडला तिला झोप लागत नाही असं ती म्हणते. सासूबाई आता फोनवर फारसं काही सांगत नाहीत. नुसतं विचारतात, पोरगी जेवली का. मागच्या रविवारी मी घरी गेले. खाचरात चिखलणी झालेली, बांधाच्या त्या कडेला गवत कमरेइतकं. आई दारात भेटली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, आत बघ, तुझं लावलंय.

पुढच्या खोलीत, त्याच खिळ्याजवळ, नव्या वर्षाच्या कॅलेंडरच्या शेजारी माझा तक्ता होता. देवाचा फोटो, फुलं, सगळं. आईने घोटीहून छापून, प्लास्टिकमध्ये घालून आणला होता, पाणी लागू नये म्हणून. आषाढाच्या रांगेखाली तिने पेनाने रेघ ओढली होती.

आईला माझा चेहरा कळला नाही, किंवा कळला. ती म्हणाली, "आधीचं चुकीचं व्हतं ना गं? तूच लिवलंस. त्या दिशी बरोबर टायम ठावा असता तर..."

गुरुजी मला सांगत होते ते हे. माझ्या आईला नऊ वर्षांनी एक कारण सापडलं होतं. तिची नात राहुकाळामुळे गेली होती, खऱ्या राहुकाळामुळे, आणि ते तिला माझ्या पत्रकाने सांगितलं होतं. वाट बघण्याने गेली, हे त्या पत्रकाच्या मागच्या बाजूला होतं. ती बाजू कापली गेली होती, भिंतीवर आलीच नव्हती.

मी पुढे झाले आणि कागदाचं टोक धरलं. मागून ताईचा आवाज आला. ती खाली बसून लसूण सोलत होती, पाठ भिंतीला टेकलेली, पाय लांब.

"फाडू नको. फाडशील तर आई दुसरा आणंल."

"मग काय करू?"

"पेन दे. ते जाड असतं ना, पिशवीवर नाव घालायचं, ते."

मी दिलं. ती उठली. आता तिला उठायला भिंतीचा आधार लागतो. तिने माझ्या तक्त्यावर, आषाढाच्या रांगेपासून सुरुवात करून, आडवा, भला मोठा रफिकभाईंचा नंबर लिहिला. दहा आकडे. प्रत्येक आकडा बोटभर उंच. सोमवार झाकला गेला, मंगळवार झाकला गेला, वर देवाच्या पायापर्यंत शाई गेली. लिहून झाल्यावर तिने एकदा वाचून पाहिला, मोठ्याने, एकेक आकडा, मी त्या दिवशी वाचला होता तसाच स्वच्छ.

आई म्हणाली, "अगं, मंगळवार दिसत नाय आता."

ताई परत खाली बसली आणि लसणाची गाठ हातात घेतली. म्हणाली, "नको दिसू दे."

रफिकभाईंची व्हॅन आता जुनी झालीय. रोज सकाळ-संध्याकाळ ते आमच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवतात, एकदाच, मी आहे म्हणून. ताईचे दिवस अजून भरायचे आहेत. काय होईल ते मला माहीत नाही. आठव्या महिन्यात पोट पुन्हा दगड होऊ शकतं, ते मुहूर्त बघून होत नाही तसं मुहूर्त चुकला म्हणूनही होत नाही. जे आमच्या हातात आहे ते दोन पावलांचं आहे.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरी कॅलेंडर आहे. त्याच्या तळाशी किंवा मागे तो तक्ता आहे. त्यात तुमची तिथी, एकादशी, संकष्टी, काय हवं ते बघा, माझी हरकत नाही. पण हे वाचून झाल्यावर पान उलटू नका. उठा. घरातलं जाड पेन शोधा. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, ज्याची गाडी कुठल्याही वेळेला निघते त्या माणसाचा नंबर त्याला विचारून घ्या आणि तो त्या चौकटीवर लिहा. मोठा लिहा, वार झाकले जातील इतका. घरातल्या सगळ्यांत लहान वाचणाऱ्याला बोलावून तो मोठ्याने वाचून घ्या. आणि पुढच्या वेळी घरात कुणी पोटावर हात ठेवून बोलता बोलता थांबलं, तर भिंतीकडे बघून कुणाला काही विचारू नका. नंबर लावा, आणि तिला उचला.